आबांना पत्रं: बारामती ते इंदापूर

बारामती, जुलै

ती. आबांना सा. न. वि. वि.

इंजिन हवेतच बंद पडलं तर पोरीनं काय करायचं, असं तुम्ही विचारलंत म्हणे. उत्तर एका पत्रात मावणार नाही. सध्या वाटेपुरतं लिहिते.

इंदापूरची वाट तुमच्या ओळखीची आहे. टॅबलेटवर मी जे टप्पे भरले ते सणसर, निमगाव केतकी आणि इंदापूर, म्हणजे तुकोबांच्या पालखीचे मुक्काम. तुम्ही तीन दिवस चाललात, आमचं दोन आसनी सेसना पाव तासाच्या आसपास पोचतं. सरळ रेषेत जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर. टॅबलेट मांडीला पट्ट्यानं बांधलेला असतो. पुढचा टप्पा कुठल्या दिशेला, किती लांब आणि तिथं किती वाजता पोचू, हे तो सांगत राहतो. तरी विमान शिकवणारे सर त्यावर उलटा पुठ्ठा ठेवतात आणि म्हणतात, ‘आता खाली बघून सांग, कुठं आहेस?’

म्हणून टप्पा हलणारा नको. उजनीचं पाणी नकाशात छान निळं दिसतं, पण त्याचा काठ भरवशाचा नाही. उन्हाळ्यात पाणी इतकं मागं हटतं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं. धरण भरलं की काठ पुन्हा शेतांना भिडतो. त्यापेक्षा भिगवणचं रेल्वे स्टेशन बरं, वालचंदनगरच्या कारखान्याची चिमणी बरी. हे गाव वसवणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच 1940 साली बंगळुरात विमानांचा कारखाना काढला, हे मला इथं आल्यावर कळलं.

तुमची,
छोटी

बारामती, जुलै

ती. आबा,

आज वाऱ्याबद्दल. आषाढातला पश्चिमेचा वारा इथं पाऊस फार आणत नाही, पण वाहतो जोरात. आमचं विमान हवेतून ताशी 90 नॉटनं जातं. एक नॉट म्हणजे तासाला 1.85 किलोमीटर. वारा 20 नॉटचा असला तर इंदापूरकडे जाताना जमिनीवरचा वेग 110 होतो आणि परतताना 70. जायला तेरा मिनिटं लागतात, यायला एकवीस. जाताना कमावलेल्या वेळात येतानाचा तोटा पुरा फिटत नाही, कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ राहतो. पेट्रोलचा हिशेब त्यामुळं परतीच्या वाटेवरून करायचा.

इंदापूरहून भिगवणला वळलं की हाच वारा डावीकडून लागतो. कृष्णेत पैलतीरचा घाट गाठायला आपण वरच्या अंगाला तोंड करून पोहतो, तसं विमानाचं नाक थोडं पश्चिमेला ठेवावं लागतं.

टॅबलेटला वारा कसा कळतो? उपग्रहावरून त्याला फक्त जमिनीवरचा वेग आणि दिशा कळते. म्हणून हवेतला वेग तोच ठेवून एक पूर्ण गिरकी घ्यायची. जमिनीवरचा सगळ्यात जास्त वेग 110 आणि सगळ्यात कमी 70 भरला, तर फरकाच्या निम्मा, म्हणजे 20 नॉट, वाऱ्याचा. सगळ्यात जास्त वेग ज्या दिशेला भरला, तिकडं वारा वाहतोय.

आता तुमचा प्रश्न. इंजिन थांबलं तरी विमान दगडासारखं पडत नाही. वेग 60 नॉटवर धरला की आमचं सेसना एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढं सरकतं. उंचीचा काटा 5000 फूट दाखवत असला तरी तो समुद्रापासून मोजतो. इथली जमीनच 1900 फुटांच्या आसपास आहे. हातात उरतात तीन हजार फूट, म्हणजे साडेचार मिनिटं. वारा नसेल तर तेवढ्यात आठ किलोमीटर जाता येतं. वीस नॉटच्या वाऱ्यासमोर साडेपाच, वारा पाठीशी घेतला तर अकरा. पडद्यावर आपल्याभोवती एक कडं दिसतं, त्याच्या आत कुठंही पोचता येईल असा त्याचा अर्थ. वारा असला की ते कडं पूर्वेकडे सरकतं. पश्चिमेचं जवळचं रान हातचं जातं आणि पूर्वेचं लांबचं रान आवाक्यात येतं.

तुमची,
छोटी

इंदापूर, रविवार

ती. आबा,

आज सुट्टी होती, म्हणून एसटीनं आले. वरून पाहिलेली रानं पायी पाहायची होती. तीन हजार फुटांवरून उसाचा फड मऊ गालिचा वाटतो. बांधावर उभं राहिलं तर दीड पुरुष उंच. चाकं त्यात अडकली की विमान उलटणार. विजेच्या तारा वरून दिसतच नाहीत, खांब मोजून ओळखाव्या लागतात. मोकळी हिरवी पट्टी म्हणून मी हेरून ठेवलेलं एक रान म्हणजे ठिबकच्या नळ्या आणि मधोमध विहीर. पडद्यावरच्या कड्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. पोचता येईल एवढंच ते सांगतं, उतरता येईल असं म्हणत नाही.

आईला सांगू नका, पण जुलै 2022 मध्ये बारामतीहून उडालेलं एका शिकाऊ मुलीचं सेसना याच तालुक्यात, कडबनवाडीला शेतात कोसळलं. विमान मोडलं, मुलगी किरकोळ जखमांवर वाचली. तिकडचं चिंकारांचं माळरान वरून मोकळं दिसतं, तरी मोकळ्या माळातही दगड आणि चर असतात. सर सांगतात, उडताना दर दोन मिनिटांनी एक रान निवडत राहायचं आणि मागचं सोडून द्यायचं. इंजिन थांबल्यावर शोधायला लागलीस तर साडेचारातली दोन मिनिटं शोधण्यातच जातील.

एक गोष्ट मात्र तुम्हीच सांगू शकाल. वाऱ्याला तोंड करून उतरा, असा आमचा नियम; नांगरटीत सऱ्यांच्या रेषेनं उतरा, हाही नियम. दोन्ही जुळले नाहीत तर काळ्या ओल्या रानापेक्षा मुरमाड पड बरी, असं मला वाटतं. पण पाऊस पडून गेल्यावर काळं रान किती दिवसांनी ट्रॅक्टर पेलतं? सेसना ट्रॅक्टरपेक्षा खूप हलकं आहे, पण चाकं लहान आहेत. वापसा वरून रंगावरून ओळखता येतो का, तेही लिहा. मंगळवारी मला एकटीला इंदापूरला जायचं आहे.

तुमची,
छोटी