पुढचा ब्रेक

आपण वडीलधारे झालो हे माणसाला पहिल्याने कळते ते काही आरशात नव्हे. पिकलेला केस उपटून टाकता येतो. पण उतारावरून भरधाव निघालेला तरुण मुलगा पाहिला आणि त्याच्या मौजेऐवजी वळणावरचा टेंपोच आपल्या डोळ्यांपुढे उभा राहिला, की समजावे, आपले तारुण्य संपले. माझे ते यंदाच्या मे महिन्यात संपले.

पुण्याला शिकणारा माझा पुतण्या सुट्टीत साताऱ्यास आला तो एक सायकल घेऊन. जुन्या बाजारातून पैदा केलेली पोलादी फ्रेम त्याने स्वतः घासून रंगवली होती. सायकल दिसायला मोठी देखणी. पण तिला ब्रेक नव्हता! शिवाय तिच्यात फ्रीव्हीलही नव्हते. आपल्या नेहमीच्या सायकलीवर उतार लागला की पाय स्थिर ठेवून वारा खात जाता येते. हिच्यावर ती चैन नाही. मागची दातेरी चक्री चाकाला पक्की कसलेली. चाक फिरते तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरते तोवर बसणाऱ्याचे पाय फिरणार. थांबायचे असेल तर पायांनीच उलटा जोर देऊन चाक आवरायचे.

"अरे, पण ब्रेक?" मी विचारले.

"काका, व्हेलोड्रोमवरच्या शर्यतीत एकाही सायकलला ब्रेक नसतो. तिथे नियमच आहे तसा." बालेवाडीच्या क्रीडासंकुलातला ट्रॅक त्याने पाहिला होता, त्यामुळे त्याच्या बोलण्यात अधिकार होता.

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ट्रॅकवर एकामागे एक चिकटून सायकली धावतात. मध्येच एकाने ब्रेक दाबला तर मागचे सगळे त्याच्यावर कोसळायचे. तिथे ब्रेक नसणे हीच सुरक्षितता. पण ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे उतरणारा आमचा राजपथ काही तसा नाही. तिथे रिक्षा आडवी येते, कुत्रे आडवे येते, चेंडूमागे धावणारे पोर आडवे येते. मी हे सारे त्याला समजावून सांगितले. चेन तुटली तर पायांचा जोर चाकापर्यंत पोहोचणार कसा, असेही विचारले. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि संध्याकाळी तो तसाच फिरायला गेला.

रात्री वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्याला तर काही सांगता येत नाही. निदान तिला तरी ब्रेक लावा." घरातला कर्ता माणूस गेल्यापासून वहिनी फार थोडे बोलतात. त्यामुळे त्यांचे ते वाक्य मला झोपू देईना.

पुतण्या गच्चीत जागाच होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि आजवर कुणाला न सांगितलेली एक गोष्ट त्याला सांगितली.

मी तेरा वर्षांचा असेन. वडिलांची काळी, सळईच्या ब्रेकची सायकल होती. रबरे झिजून पत्रा रिमवर खरखरत होता. नवी रबरे आणायला वडिलांनी पैसे दिले. मी त्यांचा रबरी चेंडू आणला. रबरे काय, पुढच्या आठवड्यात टाकू! त्याच संध्याकाळी राजपथाच्या उतारावर भाजीची पाटी घेतलेली एक म्हातारी समोर आली. मी दोन्ही ब्रेक दाबले; ते नुसते ओरडले. म्हातारीचे मनगट मोडले. लोक धावले तेव्हा तीच म्हणाली, "पोराची काय चूक न्हाई, माझाच पाय निसटला." मी ते खोटे तसेच राहू दिले. पुढे कित्येक दिवस तिची भाजी विकायची जागा रिकामी होती आणि मी दुसऱ्या गल्लीने शाळेला जात होतो. मी हे वडिलांना सांगितले नाही, आईला सांगितले नाही, याच्या वडिलांनाही नाही. त्यांना सांगायचे तर आता राहूनच गेले.

पुतण्या काहीच बोलला नाही. सकाळी मात्र तो म्हणाला, "चला काका, मिस्त्रीकडे जाऊ."

मिस्त्रींनी सायकल उलटसुलट पाहिली. "मागं तुझे पायच ब्रेक आहेत. पुढं लावू," ते म्हणाले. मी चपापलो. पुढचा ब्रेक दाबला की माणूस कोलांटी खातो, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेले. मिस्त्रींनी समजावले, की थांबताना अंगाचा भार पुढे जातो, मागचे चाक हलके होऊन घसरते आणि रस्ता धरून राहते ते पुढचेच. फक्त एकदम आवळायचा नाही. ब्रिटनच्या १९८३ च्या नियमांतही अशा सायकलला पुढच्या चाकावर ब्रेक सांगितला आहे, ही माहिती पुतण्यानेच पुरवली. म्हणजे स्वारीला सारे ठाऊक होते!

फ्रेमबरोबर मिळालेला जुना ब्रेक त्याने पिशवीतून काढला. तो चिमट्याला बसला. पण रबरे रिमऐवजी टायरला टेकू लागली. फ्रेम २७ इंची चाकाची आणि याने घातलेले चाक ७०० सी. पहिल्या रिमची बैठक ६३० मिलिमीटर व्यासाची, दुसरीची ६२२. म्हणजे रिम ४ मिलिमीटर खाली गेलेली. मिस्त्रींनी रबरे खाचेत अगदी तळाशी सरकवली, तरी भागेना. "असाच ठेवला तर टायर कापील," ते म्हणाले.

मला माझी आदल्या दिवशीची व्याख्याने आठवली. उपदेश खराच होता, तळमळीचाही होता; फक्त जिथे लागायला हवा तिथे लागत नव्हता, भलतीकडेच घासत होता.

चिमट्याच्या भोकापासून रिमच्या मध्यापर्यंत मोजले, ते ५३ मिलिमीटर भरले. जुन्या ब्रेकची पोहोच ३९ ते ४९ इतकीच. मग ४७ ते ५७ पोहोचीचा, मागून साधा नट लागणारा ब्रेक मागवला. तो येईपर्यंत चार दिवस सायकल भिंतीला टेकून होती आणि पुतण्या सगळीकडे पायी जात होता. वहिनींनी त्या चार दिवसांत दोनदा पुरणपोळी केली.

ब्रेक आला, बसला. मिस्त्रींनी वायर ओढून घेतली, रबरे रिमला समांतर केली, चाकाचा थोडा आऊट होता तोही काढला. शेवटचा नट तेवढा आवळायचा होता. तेव्हा पुतण्याने हळूच विचारले, "काका, त्या आजींना तुम्ही पुढे कधी भेटलात?"

"नाही रे," मी म्हणालो. "धीर आला तोवर त्या राहिल्या नव्हत्या."

त्याने मिस्त्रींच्या हातातला पाना घेतला आणि माझ्या हातात दिला.

"मग हा नट तुम्हीच आवळा."