बुचांचा पडदा

मी कॉन्व्हेंटची. त्यामुळे 'एकोणसाठ' म्हणजे किती हे अजूनही मनातल्या मनात इंग्रजीत करून पाहते, आणि हॉस्टेलवर पहिल्या वर्षी या एका गोष्टीवरून माझी भरपूर करमणूक झाली (माझी नाही, बाकीच्यांची). मराठी विभागासाठी लिही म्हणून संपादकांनी गळ घातली तेव्हा मी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा मात्र बुचांबद्दल लिहायचं ठरवलं. चुका पोटात घाला.

सुरुवात मिठापासून करते. शाळेत चौथीत सिस्टरनी लोटच्या बायकोची गोष्ट सांगितली होती. सदोम शहर आगीत जळतंय, देवदूतांनी बजावलंय की मागे वळून पाहू नका, आणि लोटची बायको पाहते. क्षणात मिठाचा खांब! मी हात वर करून विचारलं होतं, "सिस्टर, तिचं घर होतं ना तिथे?" सिस्टर म्हणाल्या, "सिट डाऊन." पुढे सगळे नियम पाठ झाले, पण तो प्रश्न काही गेला नाही.

सेकंड इयरला मटेरियल सायन्सच्या सरांनी स्फटिक कसे वाढतात ते शिकवताना एक फोटो दाखवला. पाण्याखाली तरंगणारा झगा, पांढराशुभ्र, मिठाच्या खड्यांनी लगडलेला. सिगालित लांडाऊ ही इस्रायलची कलाकार. तिने २०१४ मध्ये एक काळा झगा मृत समुद्रात बुडवून ठेवला आणि तो टप्प्याटप्प्याने पांढरा होत गेला, त्याचे फोटो घेतले. साध्या समुद्रात मीठ साडेतीन टक्के, इथे चौतीसच्या आसपास. माणूस बुडत नाही, त्यामुळे खाली जाऊन फोटो काढणाऱ्याला अंगाला वजनं बांधावी लागतात! सरांना स्फटिकात रस होता, आम्हाला त्या वजनांत. तो झगा कुणाचा, हे कुणीच विचारलं नाही.

ते मी नंतर शोधलं. 'डिब्बुक' नावाचं अन्स्कीचं नाटक आहे, पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या लोककथांवरचं. लेआ नावाच्या मुलीचं लग्न दुसऱ्याशी ठरतं, तिच्यावर प्रेम करणारा मुलगा मरतो आणि त्याचा आत्मा ऐन लग्नात तिच्या अंगात येतो. (आपल्याकडे गावोगाव अशा गोष्टी आहेत, आजीला विचारा.) हिब्रूत हे नाटक १९२२ मध्ये मॉस्कोत हबिमा नाटकमंडळीने केलं. पुढे ती मंडळी पॅलेस्टाइनला गेली, आणि ज्या गावांतून या कथा आल्या त्यातली असंख्य गावं दुसऱ्या महायुद्धात माणसांसकट पुसली गेली. लांडाऊचा झगा लेआच्या पोशाखावरून शिवलेला आहे. काळा झगा मीठ चढून नवरीचा पांढरा होतो. त्यात भर म्हणजे लोटच्या बायकोचा खांब म्हणून लोक जो दाखवतात तो याच समुद्राकाठी, सदोमच्या डोंगरावर, आणि तो डोंगर मुळात खनिज मिठाचाच आहे. समुद्र मात्र आटतोय. जॉर्डन नदीचं पाणी वरच्या वर वळवलं जातं, काठावर खनिजांचे कारखाने आहेत, आणि पातळी वर्षाला साधारण मीटरभर उतरते.

माझी रूममेट अलिबागकडची. तिला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "अगं, आमच्या नवगावला पण आहे ना, बेने इस्राएलांचं!" गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांनी वाहून आलेल्यांना तिथेच पुरलं, अशी त्यांची मूळकथा. पोथ्या बुडाल्या, पण शनिवारी घाणा बंद ठेवायचं लक्षात राहिलं, म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. मला शाळेत अख्खा जुना करार शिकवला, पण शेजारच्या जिल्ह्यातलं हे कुणी शिकवलं नाही.

आता बुचं. गेल्या गॅदरिंगला मी डेकोरेशन कमिटीत होते. बजेट तीन हजार, त्यात स्टेजच्या मागचा पडदासुद्धा. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २०२३ साली एल अनाट्सुई यांनी टांगलेल्या प्रचंड पडद्यांचा व्हिडिओ मी पाहिला होता. लांबून सोनेरी-लाल रेशमासारखे दिसतात, जवळ गेलं की दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची बुचं, चपटी करून, पिळून, तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधलेली. हे गृहस्थ १९४४ मध्ये घानात जन्मले, आयुष्यभर शिकवलं नायजेरियात, न्सुकाच्या विद्यापीठात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांना टाकून दिलेल्या बुचांची एक पिशवी सापडली, तिथून हे सुरू झालं. २०१५ मध्ये व्हेनिसला जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. मी कमिटीत जाहीर केलं, आपण हेच करायचं. फुकटात.

भंगारवाल्याने दोन पोती बुचं दिली. वर्कशॉपमध्ये हातोडीने चपटी केली, खिळ्याने भोकं पाडली, जळक्या मोटरच्या वाइंडिंगची तार वापरली. नऊ रात्री, सहा मुली, प्रत्येकीच्या बोटाला चिकटपट्टी. एक गोष्ट हाताने केल्यावरच कळते : प्रत्येक जोड सैल असल्यामुळे पत्रा असूनही तो पत्रा राहत नाही, कापडासारखा पडतो. अनाट्सुईंचे पडदे म्हणूनच प्रत्येक ठिकाणी वेगळ्या चुण्या घालून टांगता येतात.

सहाव्या रात्री हॉस्टेलच्या मावशी आल्या. एरवी त्या आमच्यात बसतात, वाती वळता वळता गप्पा मारतात. पडदा बघून म्हणाल्या, "छान झालंय." मग वाकून एक बूच हातात घेतलं. "हे क्वार्टरचं ना?"

मी म्हटलं, "हो मावशी, पण धुऊन घेतलीत सगळी."

"धुऊन काय हुतंय, ताई. आमच्या घरात हीच घावायची. गादीखाली, पिठाच्या डब्यात. रंगावरनं सांगते कुठली सतरा रुपयावाली, कुठली तीसवाली." नवरा गेला त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. एवढंच बोलल्या आणि बूच जागेवर ठेवून गेल्या. उरलेल्या तीन रात्री फिरकल्या नाहीत.

मी कमिटीत काय म्हटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "आता थांबून चालणार नाही, हे आर्ट आहे." पडदा लागला. खाली पाटी होती 'टाकाऊतून टिकाऊ'. टाळ्या पडल्या, प्रमुख पाहुण्यांनी पर्यावरणावर दोन वाक्यं घातली.

गॅदरिंगनंतर मी नीट वाचायला बसले. अनाट्सुईंना बुचंच का? युरोपच्या व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ज्या वस्तूंच्या बदल्यात माणसं घेतली, त्यात दारू होती. ती माणसं अटलांटिकपार उसाच्या मळ्यांवर गेली, त्या उसाची रम झाली, आणि रम पुन्हा त्याच किनाऱ्यावर आली, आणखी माणसं घ्यायला. हा सगळा हिशोब एका बुचात आहे. आणि विणकाम त्यांच्या घरचं. ते एवे समाजातले, केंटे विणणाऱ्या कुटुंबातले. अरुंद पट्ट्या विणायच्या आणि कडेला कड लावून शिवायच्या, तसंच त्यांच्या पडद्यांचं. केंटेबद्दल आसांटे लोकांत कथा आहे की बोनवायर गावच्या दोघांनी अनान्से कोळ्याला जाळं विणताना पाहिलं आणि ते विणायला शिकले. म्हणजे कोळ्याचं जाळं आणि गुलामांचा व्यापार, दोन्ही त्या एका पडद्यात. मी त्यातलं चकचकीत तेवढं उचललं. मावशींनी न वाचता ओळखलं की ही वस्तू कुठून आली आहे, आणि मी तेव्हा पकड शोधत होते.

मी त्यांची माफी मागायला गेले. भाषण तयार केलं होतं, मराठीत. त्या जिना पुसत होत्या. म्हणाल्या, "तुमचं काय चुकलं त्यात," आणि पाय उचलायला लावून पुसत राहिल्या. मला ते बरं वाटलं नाही. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

या जुलैत ट्रंक रूम रिकामी करायची नोटीस लागली. पडदा तिथेच होता, घडी घालून. मी मावशींना विचारलं, भंगारवाल्याला देऊ का?

"त्याला नका देऊ. वितळवत्यात आन् परत बुचंच करत्यात."

ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि कितीही वेळा वितळवलं तरी पुन्हा कामाला येतं. परीक्षेत मी हे फायदे या सदरात लिहिलं होतं, पूर्ण मार्क मिळाले होते. पडदा सध्या माझ्या कॉटखाली आहे. वजन अकरा किलो. रेक्टर मॅडमना अजून माहीत नाही, हा लेख छापून येईपर्यंत.