गर्भाशयमुखाचा स्मॉल सेल कर्करोग

गर्भाशयमुखाचे बहुतेक कर्करोग स्क्वॅमस पेशींचे किंवा ग्रंथिपेशींचे असतात. शंभरात एखाद-दुसरा निघतो तो स्मॉल सेल न्यूरोएंडोक्राइन प्रकारचा. मुळाशी येथेही एचपीव्ही विषाणूच असतो, त्यातही बऱ्याचदा १८ क्रमांकाचा. पण पुढची चाल फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगासारखी. गाठ लहान असतानाच पेशी लसिका ग्रंथींत शिरतात आणि रक्तावाटे यकृत, फुप्फुसे, हाडे, कधी मेंदूही गाठतात. म्हणून गाठीच्या आकारावरून धीर देणे येथे धोक्याचे.

पॅप स्मिअरला हा आजार अनेकदा हुलकावणी देतो. निदान बायोप्सीवर होते. सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी ५६ यांसारख्या विशेष तपासण्यांनी पेशींची ओळख पटते. पुढचा सारा उपचार या एका अहवालावर उभा राहतो, त्यामुळे स्लाइड अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घेण्यात गेलेले दोन-चार दिवस वाया जात नाहीत. त्यानंतर पेट-सीटी किंवा सीटी स्कॅन करून आजाराची व्याप्ती ठरवतात.

रुग्ण थोडे असल्याने केवळ या आजारावरच्या मोठ्या तुलनात्मक चाचण्या झालेल्या नाहीत. औषधे फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगातील अनुभवावरून उसनी घेतली आहेत : सिस्प्लॅटिन आणि एटोपोसाइड, दर तीन आठवड्यांनी, साधारण चार ते सहा वेळा. गाठ चार सेंटिमीटरच्या आत आणि गर्भाशयमुखापुरती असेल, तर गर्भाशय व लसिका ग्रंथी काढण्याची मोठी शस्त्रक्रिया करतात. एरवी इतक्या लहान गाठीला बहुधा शस्त्रक्रिया पुरते. येथे त्यानंतर केमोथेरपी द्यावीच लागते, कधी रेडिएशनही. गर्भाशय वाचवण्याचा पर्याय तरुण रुग्णांनाही सहसा सुचवला जात नाही; सांगायला कठीण, पण आडपडदा न ठेवता सांगावे असे हे वास्तव आहे. आजार आजूबाजूला पसरला असेल, तर केमोथेरपीसोबत बाहेरून रेडिएशन आणि आतून ब्रॅकिथेरपी देतात. दूर पसरलेल्या आजारात मुख्य भिस्त औषधांवर. त्यांच्या जोडीला अलीकडे अटेझोलिझुमॅब किंवा दुर्वालुमॅबसारखी इम्युनोथेरपी वापरली जाते. केमोथेरपीला सुरुवातीचा प्रतिसाद अनेकदा चांगला मिळतो, पण आजार उलटण्याचे प्रमाणही मोठे आहे.

सर्व टप्पे एकत्र धरले, तर पाच वर्षांनंतर सुमारे एक तृतीयांश रुग्ण हयात असतात. लसिका ग्रंथी मोकळ्या असलेल्या, लवकर सापडलेल्या रुग्णांचे भवितव्य याहून बरे. दूर पसरलेल्या आजारात ते फारच खालावते. प्रतिबंधाचे म्हणाल, तर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ लस एचपीव्हीच्या १६ आणि १८ या दोन्ही प्रकारांविरुद्ध आहे, पण ती संसर्गाआधी घेतलेली बरी. झालेल्या कर्करोगावर तिचा उपयोग नाही. संबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसले, तर मागचा पॅप स्मिअर नॉर्मल होता म्हणून थांबू नये. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.