काळीज आणि कालखंड

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा तास घेताना 'कालखंड' हा शब्द मी आजवर किती वेळा उच्चारला असेल, याची गणती नाही. यादवकाळ, शिवकाळ, पेशवेकाळ असे फळ्यावर लिहायचे, त्यांच्याखाली रेघा ओढायच्या आणि प्रत्येक कालखंडाची वैशिष्ट्ये सांगायची, यात वीस वर्षे गेली. 'अमरकोशा'च्या मनुष्यवर्गात हाच शब्द यकृताचा पर्याय म्हणून येतो, हे एम.ए.च्या दिवसांत वाचले होते आणि यथावकाश विसरूनही गेलो होतो. 'काल' म्हणजे काळा. मांसाचा काळसर खंड, तो कालखंड. हे वाचन पुन्हा आठवले ते 2024 साली, एका पॅथॉलॉजी लॅबच्या अहवालामुळे.

आमच्या महाविद्यालयात प्राध्यापकांसाठी आरोग्य-तपासणीचे शिबिर झाले. रक्त दिले आणि विसरलो. चार दिवसांनी अहवाल आला. त्यात एसजीपीटी 86 आणि एसजीओटी 54 हे दोन आकडे ठळक ठशात छापलेले होते. शेजारच्या रकान्यात 'सामान्य मर्यादा' म्हणून चाळिसाच्या आसपासची संख्या होती. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने कागद हातात घेतला, डोळे मिचकावले आणि म्हणाला, "काय सर, बसता वाटतं अधूनमधून?" सगळे हसले, मीही हसलो. मी दारू पीत नाही. पण हे त्या क्षणी सांगितले असते, तर ते खुलाशासारखे वाटले असते, आणि खुलासा आरोपीच करतो.

घरी मात्र हसण्यासारखे काही झाले नाही. रात्री जेवणानंतर आई माझ्याजवळ येऊन बसली. तिला आकडे कळत नव्हते, पण 'लिव्हर' हा शब्द तिने ऐकला होता. बराच वेळ गप्प राहून तिने हळूच विचारले, "खरं सांग, तू घेतोस का रे?"

या प्रश्नामागे माझा मामा उभा होता.

मामा कऱ्हाडकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत मास्तर होता. तो 1992 साली वारला, तेव्हा त्याचे वय अडतीस होते आणि माझे बारा. आधी त्याला थकवा येऊ लागला, मग पाय सुजले, मग पोटात पाणी भरले. मोठी माणसे 'जलोदर' म्हणत. त्यापूर्वी केव्हातरी त्याचे डोळे पिवळे झाले होते, तेव्हा त्याला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेले होते. त्याने मामाचे हात चुन्याच्या पाण्यात धुतले, पाणी पिवळे झाले आणि कावीळ उतरली असे सर्वांनी मानले. अंगातला पिवळेपणा हातांवाटे पाण्यात उतरत नसतो. हातांना आधी लावलेल्या झाडपाल्याच्या रसाशी चुन्याचा संयोग होऊन पाणी रंगते, हे मला खूप पुढे कळले. शेवटी एका पहाटे मामाला रक्ताची उलटी झाली आणि तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत सगळे संपले. मयतीला आलेल्या माणसांतून एक वाक्य फिरत होते : "मास्तर चोरून पीत असणार." पुढे तीस वर्षे ते वाक्य आमच्या घरात होते. कुणी ते बोलून दाखवत नसे, पण आई माहेरच्या लग्नकार्याला जायचे टाळी, त्याचे कारण तेच होते.

मी ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी पहिल्याच भेटीत माझ्या अहवालाचे जे वाचन केले, त्याला मी समीक्षेचा उत्तम नमुना म्हणेन. ते म्हणाले, "या चाचण्यांच्या संचाला 'लिव्हर फंक्शन टेस्ट' म्हणतात, पण हे नाव दिशाभूल करणारे आहे. तुमचे वाढलेले दोन आकडे यकृताचे काम मोजत नाहीत. ही यकृताच्या पेशींमधली विकरे आहेत. पेशींना इजा झाली की ती रक्तात झिरपतात. एसजीओटी तर स्नायूंतूनही येते. यकृत काम कसे करते आहे, हे पाहायचे तर अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ पाहावा लागतो." माझ्या बाबतीत ते तिन्ही ठीक होते. म्हणजे घराच्या भिंतीला कुठेतरी ओल होती, पण घर उभे होते. उलटही घडते, हे त्यांनी आवर्जून सांगितले : यकृताचा बराच भाग आतून निबर होऊन गेलेला असतो आणि हे दोन आकडे मात्र जवळपास सामान्य दिसतात. संहितेत ठळक ठशात छापलेले वाक्य हेच सर्वांत महत्त्वाचे असते असे नाही, हे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतोच की!

मग त्यांनी प्रश्न विचारले. दारू? नाही. वजन? 78 किलो, माझ्या उंचीला दहा-बारा किलो जास्त. मधुमेह? सीमेवर. रोजची औषधे? काही नाही, असे मी सांगितले. "काढे, चूर्ण, गोळ्या?" असे त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा आठवले की 2020 पासून, करोनाच्या दिवसांत लागलेल्या सवयीने, मी रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेत होतो. मी त्याला औषध समजतच नव्हतो. ते म्हणाले की मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद 2021 साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, आणि पुढच्या वर्षी देशातल्या अनेक रुग्णालयांतून आणखी रुग्णांची माहिती पुढे आली. "तुमच्या बाबतीत तेच कारण आहे असे मी म्हणत नाही. पण ज्याची गरज नाही, ते थांबवून पाहू."

सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. वय, दोन्ही विकरे आणि रक्तातल्या प्लेटलेट्स यांवरून 'फिब-4' नावाचा एक गुणांक काढतात. तो 1.3 च्या खाली असेल, तर यकृतात बरेच व्रण झाले असण्याची शक्यता कमी, माझा 1.1 च्या आतच होता. 'फायब्रोस्कॅन' नावाच्या, सोनोग्राफीसारख्याच वेदनारहित तपासणीत यकृताचा ताठरपणा 5.8 निघाला, आठच्या खाली असला की काळजीचे फारसे कारण नसते. उपाय? चमत्कारिक काही नाही. शरीराच्या वजनाच्या पाच टक्के वजन उतरले की यकृतातली चरबी कमी होते, सात ते दहा टक्के उतरले की सूजही ओसरू लागते. रोज चालणे, गोड पेये आणि साखर बंद, ताटातला भात-पोळीचा डोंगर निम्मा. आठ महिन्यांत सहा किलो उतरले. मग एसजीपीटी 38 झाले. चरबीमुळे झाले, काढा थांबवल्यामुळे झाले, की दोन्हींमुळे, हे सांगता येत नाही.

या आजाराच्या नावाने मात्र माझा पिच्छा सोडला नाही. दारू न पिणाऱ्यांच्या यकृतातही मद्यप्यांसारखीच चरबी आणि सूज आढळते, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधील लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली मांडले, आणि या विकाराच्या नावातच 'नॉन-अल्कोहोलिक' हे विशेषण आले. हा रोग काय आहे, ते नावातून कळत नव्हते. तो काय नाही, तेवढेच कळत होते. जणू रोग्याच्या वतीने आधीच केलेला खुलासा! 2023 साली निरनिराळ्या देशांतील यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून ते नाव बदलले. नव्या नावात दारूचा नकार नाही, चयापचयातल्या बिघाडाचा निर्देश आहे. 'फॅटी' हा टोचणारा शब्दही काढून टाकला आहे. नावात काय आहे, असे म्हणणाऱ्यांनी या बदलामागची चर्चा वाचावी.

पण मामाच्या वेळी कुठलेच नाव नव्हते. फक्त आरोप होता.

डॉक्टरांनी घरातल्या आजारांविषयी विचारले, तेव्हा मी मामाची हकीकत सांगितली. ते लिहिता लिहिता थांबले. "अडतिसाव्या वर्षी जलोदर आणि रक्ताची उलटी, म्हणजे यकृत आकसून सिरोसिस झालेला असणार. त्याला दारू हे एकच कारण नसते. हेपटायटिस बी आणि सी हे दोन विषाणू वर्षानुवर्षे मुक्याने यकृत पोखरतात. तुमची तपासणी करू. आईची आणि भावंडांचीही करा."

माझी आणि धाकट्या बहिणीची चाचणी निर्दोष आली. आईची हेपटायटिस बीची चाचणी सकारात्मक आली.

त्या वेळी तिचे वय बहात्तर होते. तिला आयुष्यात कधी कावीळ झालेली आठवत नव्हती. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या केल्या : रक्तातल्या विषाणूचे प्रमाण अगदी कमी, एसजीपीटी सामान्य, यकृत मऊ. सध्या औषधाची गरज नाही. पण दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी, कारण या विषाणूमुळे यकृताचा कर्करोगही होऊ शकतो. हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून, न उकळलेल्या सुईतून आणि जन्माच्या वेळी आईकडून बाळाला जातो. तान्हेपणी लागण झाली, तर तो बहुतेक वेळा जन्मभर मुक्काम करतो. म्हणूनच बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लस द्यायची असते. 2011 पासून ती देशभरच्या सरकारी लसीकरणात आहे, आणि 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी या दोन्हींवरची तपासणी व औषधे मोफत मिळतात. सी तर बहुतेकांच्या बाबतीत तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. यातले काहीही माझ्या आजीच्या बाळंतपणांच्या वेळी नव्हते.

घरी आल्यावर आईने स्वतःचे ताट, वाटी आणि पेला वेगळा काढून मोरीजवळच्या फडताळात ठेवला. कुणी काही म्हणाले नव्हते. मी तिला समजावू लागलो की जेवणाखाण्यातून, स्पर्शातून, एका ताटात जेवल्याने हा आजार लागत नाही. टूथब्रश आणि नेलकटर तेवढे वेगळे ठेवायचे. ती ऐकून घेत होती, पण तिने ताट हलवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मुलीने त्या फडताळातला पेला घेतला, त्यात स्वतःचा चहा ओतला आणि आजीशेजारी बसून प्यायली. त्यानंतर ताट आपोआप मांडणीत परत आले. माझ्या तासाभराच्या व्याख्यानाने जे झाले नव्हते, ते असे झाले.

त्या आठवड्यात आईने मला विचारले, "म्हणजे दादा पीत नव्हता ना?"

मी काय उत्तर द्यायला हवे होते? बहीण-भाऊ दोघांनाही आजीकडून हा विषाणू आला असण्याची शक्यता मोठी आहे. पण मामाचे रक्त कुणी तपासले नव्हते. शक्यता म्हणजे पुरावा नव्हे, हे मी विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवर लाल शाईने लिहीत आलो आहे. शिवाय लहानपणी मामाच्या पेटीत एक बाटली मी पाहिली होती. ती औषधाची होती की दारूची, हे मला आजही सांगता येणार नाही. हेपटायटिस बी असलेल्या माणसाने दारू घेतली, तर यकृत अधिक लवकर खराब होते, हेही आता मला ठाऊक आहे.

मी आईला "हो, पीत नव्हता" असे म्हणालो. ती रडली, आणि बऱ्याच वर्षांनी मोकळी रडली.

ते उत्तर मला अजून छळते. ते खोटे असेल म्हणून नव्हे; ते देताना मी गावाचाच न्याय मान्य केला म्हणून. मामा पीत नव्हता, म्हणून त्याच्यासाठी रडायचे. पीत असता तर? तर अडतिसाव्या वर्षी रक्त ओकून मेलेल्या शिक्षकाबद्दल हळहळायचे नाही? मी स्टाफरूममध्ये मनातल्या मनात दिलेला खुलासाही त्याच न्यायालयात दिलेला होता. दारूने यकृत गेलेल्या माणसालाही यकृत असते, घर असते, बहीण असते. आजाराचे कारण शोधायचे ते उपचारासाठी. आपण मात्र पुष्कळदा दोष कुणाच्या माथी मारायचा, एवढ्यासाठीच कारण शोधतो.

आपल्या भाषेने यकृताशी एक गमतीचा व्यवहार केला आहे. संस्कृतातला 'कालेय', प्राकृतातला 'कालिज्ज', आणि त्यातून आलेले आपले 'काळीज' म्हणजे मुळात यकृतच. मटणाच्या दुकानात 'कलेजी' मागितली की अजूनही तेच मिळते. पण बोलण्यात काळीज छातीत सरकले आणि हृदय होऊन बसले. आणि 'काळजी' हा शब्दही या काळजातूनच आला असे मानतात.

आता दर जानेवारीत आणि जुलैत मी आईला तपासणीला नेतो. माझे वजनही तिथेच होते. गेल्या खेपेला माहेरच्या एका लग्नाचे आमंत्रण आले होते. तपासणी उरकून परतताना आई म्हणाली, "या वेळी जाऊन येऊ." आम्ही जाऊन आलो. मांडवात कुणीतरी मास्तरांचा विषय काढला, तेव्हा ती उठून गेली नाही. म्हणाली, "दादाला यकृताचा आजार होता." तेवढेच. पीत होता की नव्हता, याबद्दल ती काहीच बोलली नाही. माझ्यापेक्षा नेमके उत्तर तिने दिले, असे मला वाटले.