गजकचा डबा

जानेवारी २०१०. मी तेव्हा मालनपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघत होतो. ग्वाल्हेरहून भिंडच्या रस्त्यावर वीसेक किलोमीटर, सकाळी बस, संध्याकाळी बस. एक दिवस पुण्याच्या प्लेसमेंट कन्सल्टन्सीतून फोन आला. माणसाचं पहिलंच वाक्य : "रेझ्युमे तुम्ही स्वतःच बनवलाय का? तरीच."

मी हसलो. कारण त्या 'तरीच'मध्ये मला साहेब ऐकू आला. आजोबा ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या दफ्तरात, वडील महालेखाकार कार्यालयात. जो ओरडतो त्याच्या हातात काहीतरी असतं, हे आम्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. गोड बोलणाऱ्याचाच आम्हाला संशय येतो.

मग तो म्हणेल तसं करत गेलो. पगाराच्या स्लिपा पाठवल्या. कंपनीचं नाव विचारलं तर म्हणाला, "तुम्हाला नोकरी हवीय की चौकशा?" पुन्हा विचारलं नाही. राजीनामा दिला असेल तरच पुढे पाठवतो म्हणाला, तर दिला. आई म्हणाली, "कागद कुठाय?" मी तिला सांगितलं, प्रायव्हेटमध्ये असं नसतं. एक ई-मेल मागायला हवी होती, दोन ओळींची. मागितली नाही, साहेबाकडे कागद मागायचा कसा?

शेवटी मुलाखतीला पुण्याला बोलावलं. निघताना महाराज बाड्याजवळून अर्धा किलो तिळाची गजक घेतली. साहेबांसाठी.

झेलम एक्स्प्रेस जम्मूकडून येते आणि जानेवारीत उत्तरेत धुकं असतं, हे ग्वाल्हेरच्या माणसाला सांगायला नको. तरी मी मुलाखतीच्या आदल्याच दिवशीचं तिकीट काढलं होतं. भुसावळहून फोन करून गाडी उशिरा धावतेय म्हटलं, तर उत्तर आलं, "धुकं हा माझा प्रॉब्लेम आहे का?" मी सॉरी म्हणालो. धुक्याबद्दल!

त्याच्या ऑफिसात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. त्याने मान वर न करता सांगितलं, जागा मागच्याच आठवड्यात भरली. क्लायंटला चार नावं दाखवावी लागतात. मी पुटपुटलो, "मला माहीतच नाही पडलं." तो पहिल्यांदा हसला. "माहीत पडलं? आधी जरा मराठी सुधारा." आणि मी काय केलं? डबा त्याच्या टेबलावर ठेवला, "थँक यू सर" म्हणालो आणि जिना उतरलो. गाडीत डब्यावर बॅग पडली होती, आत नुसता तिळाचा चुरा झाला असणार, एवढंच काय ते समाधान.

या धंद्याचं गणित नंतर कळलं. उमेदवार रुजू झाला की कंपनी एजन्सीला बहुधा त्याच्या वर्षाच्या पगाराचे ८.३३ टक्के देते, म्हणजे एका महिन्याचा पगार. नोकरी त्या माणसाच्या हातात नव्हतीच; मी रुजू झालो असतो तर त्याचंच पोट भरलं असतं. दलालाला मी साहेब समजून बसलो होतो. परदेशात माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते. ग्वाल्हेरहून पुण्याला बोलावणाऱ्याला तो कायदा लागू नाही.

इथवर मी बिचारा दिसतो. पुढचं सांगायला जड जातं.

परतल्यावर पंधराएक दिवसांनी दुसऱ्या एका कन्सल्टन्सीतल्या मुलीचा फोन आला. "सर, दोन मिनिटं बोलता येईल का?" तिने आपलं नाव सांगितलं, कंपनीचं सांगितलं, कंपनी मालनपूरचीच होती, पगारही सांगितला. जे पुण्याच्या माणसाला बोलायची हिंमत झाली नाही, ते सगळं मी तिला ऐकवलं. तुम्ही लोक माणसांना गुरं समजता, नावं दाखवायला बोलावता, वगैरे. आवाज तर हुबेहूब त्याचाच. ती थोडा वेळ गप्प राहिली. "ठीक आहे सर," म्हणाली आणि फोन ठेवला. गोड बोलली होती, म्हणून तर माझी जीभ एवढी सुटली.

त्यानंतर आठ महिने मी घरी होतो. तिचा नंबर वडिलांच्या जुन्या डायरीत अजून आहे. माफीचा फोन केलेला नाही.