बयानाच्या पुढचं

पुणे

चि. छोटूस,

(कॅप्टन झालास तरी या पत्रात छोटूच.)

तुझा मेसेज वाचला. लैंगिक छळ प्रतिबंधाचं वार्षिक व्याख्यान यंदा तुझ्या गळ्यात पडलंय, मागच्या वर्षीच्या स्लाइड्स तयार आहेत, आणि तुला माझ्याकडून ‘दोन चांगली उदाहरणं’ हवी आहेत. उदाहरणं देते. पण ती वाचून त्या स्लाइड्स दाखवायची तुझी इच्छा उरली, तर माझं लिहिणं फुकट गेलं समज.

ड्रिल स्क्वेअरवर उस्ताद कसे शिकवतात ते आठव. आधी बयान म्हणजे तोंडी सांगणं, मग नमूना म्हणजे करून दाखवणं, मग अभ्यास म्हणजे सराव. आणि अभ्यास इतका की झोपेतून उठवलं तरी पाय बरोबर पडावा. रायफल अडकली तर काय करायचं, आग लागली तर कोणी कुठे धावायचं, हे आपण व्याख्यान देऊन कधी शिकवलं नाही. या एकाच विषयात आपण बयानावर थांबतो, हजेरीपटावर सह्या घेतो आणि प्रशिक्षण पूर्ण झाल्याचं वर कळवून मोकळे होतो.

आपणच असे आहोत असंही नाही. कॅनडाचं बघ. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीश मारी देशां यांनी २०१५ साली सैन्याबद्दल अहवाल दिला. अश्लील शेरे आणि स्त्रियांना तुच्छ लेखणं सैन्यात मुरलेलं आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. छळविरोधी वर्ग तेव्हाही होत होते. ते कोणी मनावर घेत नव्हतं, एवढंच. मग सैन्यप्रमुख जनरल जोनाथन व्हान्स यांनी ‘ऑपरेशन ऑनर’ नावाची मोठी मोहीम काढली. भाषणं, पोस्टरं, आदेश, नवे वर्ग. बराकींमध्ये मोहिमेच्या नावावरच अश्लील कोटी झाली. पुढे २०२१ साली, निवृत्त होतात न होतात तोच, खुद्द व्हान्स यांच्यावर गैरवर्तनाचे आरोप आले. त्यांनी ते नाकारले. पण त्या चौकशीत न्यायाच्या कामात अडथळा आणल्याचा गुन्हा २०२२ मध्ये कोर्टात कबूल केला. मोहीम त्याआधीच गुंडाळली गेली होती. वरून आलेला नमूनाच असा, तर खालच्यांनी कोणतं बयान लक्षात ठेवायचं?

अमेरिकेत पैसा जास्त, म्हणून प्रशिक्षणही जास्त. पेंटॅगॉनमध्ये या कामासाठी २००५ पासून स्वतंत्र कार्यालय आहे. प्रत्येक सैनिकाला दर वर्षी वर्ग सक्तीचा. दर काही वर्षांनी ते निनावी पाहणी करतात आणि वर्षभरात किती जणांवर लैंगिक अत्याचार झाले असावेत याचा अंदाज छापतात. तो २०१२ साली सुमारे २६,००० होता, २०१६ साली १४,९०० वर उतरला, २०२१ साली जवळजवळ ३६,००० वर गेला आणि २०२३ साली पुन्हा २९,००० च्या आसपास आला. वर्ग मात्र सगळी वर्षं चालूच होते. आकडे छापण्याचं धाडस त्यांच्यात आहे, हे मात्र मी मोकळेपणाने मानते.

आता तू म्हणशील, ‘मावशी, माझ्या युनिटमध्ये बायका आहेतच कुठे?’ म्हणून त्या २६,००० ची फोड सांगते: साधारण १२,००० स्त्रिया आणि १४,००० पुरुष. तिथे पुरुषांची संख्या मुळात कितीतरी जास्त, त्यामुळे धोका बायकांनाच अधिक. तरीही चौदा हजार. रगड्याच्या, म्हणजे शिस्त लावण्याच्या, नावाखाली ज्युनिअरचे कपडे उतरवणं, टॉवेल ओढणं, त्याचे व्हिडिओ काढणं, याला आपण ‘मस्ती’ म्हणत आलो. तुझ्या जवानांना हे स्पष्ट सांग. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा आपला २०१३ चा कायदा स्त्रीच्याच तक्रारीसाठी आहे. पण लष्करी कायद्याचं कलम ४६ अश्लील आणि क्रूर वर्तनाला शिक्षा देताना बळी कोण, बाई की पुरुष, हे विचारत नाही.

मोठा धोका कुठे असतो ठाऊक आहे? प्रशिक्षण केंद्रात. मेरीलँडमधलं अ‍ॅबर्डीन, १९९६. टेक्सासमधला लॅकलंडचा हवाई तळ, २०१२. दोन्हीकडे लैंगिक अत्याचाराचे आरोपी होते रिक्रूटांचे उस्ताद. अ‍ॅबर्डीनच्या एका सार्जंटला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली, लॅकलंडच्या एकाला वीस. आईबापांपासून तुटलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. तिने कधी झोपायचं, कधी जेवायचं, घरी फोन करायचा की नाही, हे ठरवणारा एकच माणूस. त्याला ‘नाही’ म्हणायला आपण तिला कधी शिकवलेलंच नसतं, उलट हुकूम मानायलाच शिकवलेलं असतं. लॅकलंडनंतर त्यांनी तुकड्यांवरचे उस्ताद वाढवले, त्यात स्त्रिया आणल्या, एकट्या रिक्रूटला एकट्या उस्तादाच्या हाती राहू द्यायचं नाही असं ठरवलं. याला मी खरं प्रशिक्षण म्हणते, जरी त्यात एकही स्लाइड नसली तरी.

आता आपल्याकडेही अशा केंद्रांत मुली शिकतात: बंगळुरूहून लष्करी पोलिसातल्या पहिल्या ८३ महिला जवान २०२१ मध्ये बाहेर पडल्या, खडकवासल्याच्या एनडीएतून पहिल्या १७ मुली २०२५ च्या मे महिन्यात. आमच्या पिढीत फक्त अधिकारी बायका होत्या, खांद्यावर स्टार घेऊन आलेल्या. लष्करी पोलिसातल्या या शिपाई मुलींना तोही आधार नाही.

आता व्हेनेसा गियेन. टेक्सासच्या फोर्ट हूड छावणीतली वीस वर्षांची सैनिक. २०२० च्या एप्रिलमध्ये छावणीतच तिचा खून झाला. मारणारा दुसराच सैनिक होता. पण चौकशीत हे निघालं की त्याआधी एका वरिष्ठाने तिचा छळ केला होता, तिच्या युनिटमधल्यांच्या कानावर ते गेलं होतं, आणि कोणी काही केलं नव्हतं. त्या वर्षअखेरीस स्वतंत्र समितीचा अहवाल आला. समितीला छावणीतल्या स्त्रियांकडून लैंगिक अत्याचाराच्या ९३ विश्वासार्ह घटना कळल्या. त्यांतल्या ५९ च नोंदवल्या गेल्या होत्या. उरलेल्यांनी तोंड का उघडलं नाही? बदला घेतला जाईल, बातमी फुटेल, बढती अडेल. पुढे कायदा बदलला, आणि अशा गुन्ह्यांत खटला भरायचा की नाही हे २०२३ च्या अखेरीपासून कमांडरऐवजी स्वतंत्र वकील ठरवू लागले. तो आपला विषय नाही. आपल्या कामाची गोष्ट ही, की व्हेनेसाचं म्हणणं पहिल्यांदा ज्यांच्या कानावर गेलं, त्यांनाही वार्षिक वर्ग सक्तीचाच होता.

माझा स्वतःचा एक प्रसंग सांगते. तुझ्या आईला बोलू नकोस. मी नवी लेफ्टनंट असताना मेसच्या पार्टीत एक वरिष्ठ अधिकारी कोपऱ्यात मला अडवून उभे होते, हात खांद्यावर, बोलणं घसरत चाललेलं. बाकीचे अधिकारी ग्लासात बघत होते. तेवढ्यात मेस हवालदार ट्रे घेऊन मध्येच शिरला आणि म्हणाला, ‘मेमसाब, एक्सचेंज से आपका ट्रंक कॉल है.’ मी धावत गेले. कॉल नव्हताच. त्या हवालदाराला कोणी वर्ग दिला नव्हता, आणि त्या खोलीत सर्वांत कमी अधिकार त्याचा होता. ज्यांना अधिकार होता त्यांना काय करावं सुचलं नाही, असं मी तेव्हा धरून चालले. आता वाटतं, सुचलं असेल. जमेल असं वाटलं नसेल. न जमणारी गोष्ट जमावी म्हणूनच तर सराव असतो.

तेव्हा तू असं कर. सगळ्या युनिटला एकदम हॉलमध्ये कोंबू नकोस. आधी हवालदार-नाईकांना दहा-बाराच्या गटात घे, आणि अभ्यास करून घे. एक जवान येऊन सांगतो, ‘साहेब, अमका मला त्रास देतो.’ पहिलं वाक्य काय बोलशील? प्रत्येकाकडून मोठ्याने बोलून घे. ‘तू तिथे गेलासच कशाला?’ हे निम्म्यांच्या तोंडून निघेल. निघू दे, पुन्हा करून घे. मग दुसरा प्रसंग: तुझा मित्रच घसरतोय, त्याला न भांडता बाजूला कसा नेशील? यावर त्यांच्याकडेच भन्नाट युक्त्या असतात, तुझ्या-माझ्याहून बऱ्या. तक्रार समितीची नावं आणि फोन नंबर हिंदीत लिहून लंगरजवळ लाव. ऑफिसबाहेर लावलेस तर वाचताना कोणीतरी बघेल या भीतीने कोणी थांबणार नाही. आणि सीओ साहेबांना विनंती कर की पहिल्या गटात त्यांनी स्वतः बसावं, भाषण न करता. नाही म्हणाले तर मला कळव, मला त्यांच्याशी बोलायला आवडेल. (घाबरू नकोस, नाही बोलणार.)

वर्षभरात एखादी तक्रार आली, तर ‘माझ्याच काळात कसं झालं’ म्हणून खचू नकोस आणि ती दाबायला कोणी सुचवलं तर ऐकू नकोस. तक्रार आली म्हणजे कोणीतरी तुमच्यावर विश्वास टाकलाय.

पहिल्या गटात कोण काय बोललं ते शब्दशः लिहून पाठव, शिव्यांसकट.

तुझी,
मावशी