सगळा दोष वयाचा नव्हता

ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम ओसरत गेले तसा मीही निम्मा निवृत्त झालो. गणपती-नवरात्रात काही कार्यक्रम, मधूनच एखादी जुन्या गाण्यांची मैफल, संध्याकाळी घरी शिकायला येणारी मुलं आणि एकादशीला भजनी मंडळात पेटी, एवढंच वाजवणं उरलं. एके काळी गडकरी रंगायतनपासून शिवाजी मंदिरपर्यंत टेंपोतून वाद्यं नाचवणाऱ्या माणसाला हा निवांतपणा सुरुवातीला बरा वाटला. त्या निवांत वर्षांत माझ्या तोंडी एकच वाक्य बसलं होतं, ‘वय झालं.’ वाद्य बिघडलं की त्याचं वय झालं, बोटं अडखळली की माझं. या वाक्याआड काय काय झाकलं जात होतं ते मला फार उशिरा कळलं. बहुतेक वेळा दोष माझ्या हयगयीचा होता. त्या चुका इथे जशा घडल्या तशा लिहितो, कारण माझ्यासारखे अनेक वादक आज याच टप्प्यावर आहेत.

पहिली चूक यामाहा डीएक्स-7 ची. हा सिंथेसायझर 1983 साली बाजारात आला आणि पुढची कित्येक वर्षं ऑर्केस्ट्रावाल्यांचं ते स्वप्न होतं. मी तो वापरलेलाच घेतला, तोही हप्त्यांनी. त्यात ध्वनिलहरी काढणारे सहा ऑपरेटर असतात. कोणता ऑपरेटर कोणाला ढवळणार, याच्या बत्तीस ठरावीक रचना असतात आणि त्यांतूनच स्वर घडवायचा. पडदा दोन ओळींचा, सरकवायला एक पट्टी, आणि बाकी सगळा कानाचा कारभार. मी रात्र-रात्र बसून त्यात आवाज बनवले होते: सनई, जलतरंग, संतूर आणि माझी लाडकी बीन. 1954 च्या ‘नागिन’मधली बीन खऱ्या पुंगीवर वाजलेली नाही. हेमंतकुमारांच्या संगीतात कल्याणजींनी ती क्लॅव्हायोलिन या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर वाजवली होती. तो आवाज डीएक्स-7 मधून काढायचा माझा हट्ट होता. एका ऑपरेटरचा फीडबॅक थोडाथोडा वाढवत गेलं की स्वराला नाकातली धार येते. एक घर जास्त झालं की नुसती खरखर होते. ते नेमकं घर सापडलं, तेव्हा मी शेजाऱ्यांची पर्वा न करता मध्यरात्री बीन वाजवली होती.

काम कमी झाल्यावर हे वाद्य मी केसमध्ये घालून माळ्यावर चढवलं. मनात होतं की जपून ठेवलं आहे, लागेल तेव्हा काढू. एका मित्राच्या साठीच्या कार्यक्रमासाठी ते खाली उतरवलं आणि चालू केलं, तर पडद्यावर अर्थ नसलेली अक्षरं आणि पट्टी दाबली की किरकिर. मी लगेच म्हटलं, ‘वय झालं बिचाऱ्याचं.’ दुरुस्ती करणाऱ्या मुलाने झाकण उघडलं आणि मला एक नाण्याएवढा सेल दाखवला. सीआर-2032, तीन व्होल्टचा. वाद्य बंद असताना आतले बत्तीस आवाज तेवढ्या सेलच्या जिवावर टिकतात. सेल संपला आणि आवाज पुसले गेले. बाकीचं वाद्य ठणठणीत होतं.

त्या मुलाने पुढे जे सांगितलं ते मला जास्त लागलं. सगळे बत्तीस आवाज मिडीच्या तारेने संगणकात उतरवून ठेवता येतात आणि ते मावायला चार किलोबाइटच्या आसपास जागा पुरते. मोबाइलमधल्या एका फोटोला याच्या कितीतरी पट जागा लागते. माझ्याकडे तार होती, घरात मुलाचा संगणक होता. एका दुपारचं काम होतं. मी ते केलं नाही, कारण जे माझ्या हाताखाली तयार झालं ते माझ्याजवळ राहणारच, असं मी गृहीत धरलं होतं. साधी वहीसुद्धा ठेवली नाही. ऑपरेटरचे आकडे लिहून ठेवले असते, तरी बीन परत उभी राहिली असती.

दुसरी चूक रोलँड एक्सपी-50 या कीबोर्डाबाबतची. याच्या मधल्या सप्तकातल्या काही पट्ट्या विचित्र वागायला लागल्या. हलकेच दाबली तरी स्वर दणकन यायचा, कधी दाबूनही यायचा नाही. मंद्र सप्तकात सगळं ठीक होतं. मी पुन्हा वयाकडे बोट दाखवलं आणि वर स्वतःच डॉक्टर झालो. पट्ट्यांच्या फटीतून वरूनच गंज सोडवायचा स्प्रे मारला. दोन दिवस बरं वाटलं. मग आधी चांगल्या असलेल्या पट्ट्याही मुक्या झाल्या.

आता मी हे काम स्वतः करायला शिकलो आहे, म्हणून सांगतो. अशा कीबोर्डात प्रत्येक पट्टीखाली रबराची एक टोपी असते आणि तिच्यात कार्बनचे दोन ठिपके. पट्टी दाबली की आधी एक ठिपका खालच्या बोर्डाला टेकतो, मग दुसरा. त्या दोन टेकण्यांमध्ये किती वेळ गेला ते मोजून वाद्य ठरवतं की बोट हलकं पडलं की जोरात. एका ठिपक्याखाली धूळ बसली की हे गणित चुकतं. मी मारलेल्या स्प्रेने वरची सगळी धूळ तेलात कालवून नेमकी त्या ठिपक्यांवर नेऊन बसवली होती. योग्य रीत अशी: मागचे स्क्रू काढायचे, पट्ट्या क्रमाने उतरवून कागदावर मांडायच्या, रबराची पट्टी अलगद उचलायची आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओलावलेल्या कापसाच्या काडीने ठिपके पुसायचे. घासायचं नाही, कार्बन निघून येतो. पूर्ण वाळल्यावर रबराच्या शेपट्या बोर्डाच्या भोकांतून पुन्हा नीट ओढून बसवायच्या. एक शेपटी जरी अर्धवट राहिली तरी तिथली पट्टी बोलत नाही.

माझ्या एक्सपी-50 चं रबर स्प्रेने फुगलं होतं. दुसरं मिळेपर्यंत वाद्य कितीतरी महिने भिंतीला टेकून उभं राहिलं. त्याच काळातल्या पावसाळ्यात कपाटातल्या फ्लॉप्यांना बुरशी लागली. गाण्यांचे सिक्वेन्स त्यांतच होते. त्यांचीही दुसरी प्रत नव्हती. एकदा हात पोळूनही मी तीच चूक दुसऱ्या वाद्यावर केली, कारण पहिल्या वेळी मी वयाला दोष देऊन मोकळा झालो होतो. कारण नीट समजून घेतलं असतं, तर दुसऱ्याच दिवशी फ्लॉप्या बाहेर काढल्या असत्या.

तिसरी चूक सांगताना अजून जड जातं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीकडे जुना कॅसिओ होता, वडिलांच्या मित्राने दिलेला. तिचा अडॅप्टर खराब झाला, म्हणून मी माझा यामाहाचा दिला. पिन बसली, म्हणजे चालेल असं मी धरलं. जुन्या कॅसिओंना नऊ व्होल्ट लागतात आणि पिनच्या मधल्या भोकात ऋण टोक असतं. माझा अडॅप्टर बारा व्होल्टचा होता आणि त्याच्या मध्ये धन. वाद्याच्या पाठीवर आणि अडॅप्टरच्या पोटावर गोल आणि अर्धगोलाची छोटी आकृती असते, ती हेच सांगते. मी ती कधी वाचलीच नव्हती. तिने बटण दाबलं, जळका वास आला आणि वाद्य गेलं.

तिची आई दुसऱ्या दिवशी विचारायला आली, ‘सर, काय झालं हो असं अचानक?’ मी म्हणालो, ‘ताई, जुना झाला होता, कधीतरी जाणारच होता.’ त्या बाईंनी मान डोलावली आणि माझे आभार मानून गेल्या. वाद्य जळणं ही चूक होती. हे वाक्य चूक नव्हती, ते खोटं होतं, आणि मी ते एका अशा घरात बोललो जिथे नवा कीबोर्ड घेणं हा वर्षभराचा विचार असतो. मुलगी यायची बंद झाली. काही आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेलो, खरं काय झालं ते सांगितलं आणि तसाच वापरलेला पण चांगला कीबोर्ड त्याच्या अडॅप्टरसकट दिला. ताई रागावल्या नाहीत. मुलीच्या वडिलांनी मात्र विचारलं, ‘मग त्या दिवशीच का नाही सांगितलंत?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलगी पुन्हा येऊ लागली. आता माझ्या प्रत्येक अडॅप्टरवर कागदाची चिठ्ठी आहे: वाद्याचं नाव, व्होल्ट, मध्ये धन की ऋण.

चौथी चूक हाताची. ऑर्केस्ट्रात गायक बदलला की पट्टी बदलते. एकाची पांढरी एक, दुसरीची काळी चार, तिसरा ऐन वेळी म्हणतो अर्धा सूर खाली घ्या. कीबोर्डाला ट्रान्सपोजचं बटण असतं. मी सगळी गाणी पांढरी एकमधून वाजवायचो आणि बाकीचं काम त्या बटणावर सोडायचो. वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. मग भजनी मंडळात गेलो. तिथली पेटी साधी, स्केल चेंजर नसलेली. पखवाज काळी दोनला लावलेला. बुवांनी रूपाचा अभंग सुरू केला आणि माझी बोटं जागच्या जागी थिजली. सूर कानाला कळत होते, बोटांना जागा सापडत नव्हती. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, ‘सांधे आखडलेत, वय झालं.’

तिने विचारलं, ‘पांढरी एकमध्ये आखडतात का?’ नव्हते आखडत. तिथेच माझ्या सबबीचा निकाल लागला. त्यानंतर रोज सकाळी पेटीवर एकच यमन मी बाराही पट्ट्यांतून फिरवू लागलो. काळी दोनमध्ये अंगठा कुठे वळवायचा, ते नवशिक्यासारखं पुन्हा शिकलो. पुढच्या आषाढीपर्यंत बुवांच्या मागे हात चालू लागला. तीस-पस्तीस वर्षं वाजवणाऱ्या माणसाला जे येत नव्हतं, ते काही महिन्यांच्या रियाजाने आलं. मग इतकी वर्षं मी स्वतःला कशापासून वंचित ठेवलं, हा विचार मात्र जात नाही.

आणि जिथे वय खरोखरच होतं, तिथे मी ते मानलं नाही. डीएक्स-7 चं वजन चौदा किलोच्या वर आहे, लाकडी केस धरली तर उचलायला दोघं हवेत. मी तो एकट्याने जिन्यावरून उतरवला. मंडळातली पोरं ‘काका, थांबा, आम्ही घेतो’ म्हणत असताना मी नाही म्हटलं, कारण दुसऱ्याच्या हातात वाद्य देणं म्हणजे आपण संपलो असं वाटायचं. कंबरेची शीर धरली आणि ऐन गणपतीचा हंगाम अंथरुणात गेला. ज्यांना मी शब्द दिला होता, त्यांना ऐन वेळी दुसरा वादक शोधावा लागला. उचलायचं ओझं कमी करायला हवं होतं, तिथे मी हट्ट धरला. वाजवणं आणि निगा सोडायला नको होती, तिथे वयाचं कारण पुढे केलं. माझ्या सगळ्या चुका या एका उलट्या हिशेबातून झाल्या.

आता माळ्यावर एकही वाद्य नाही. डीएक्स-7 खोलीत स्टँडवर असतो आणि दर आठवड्याला चालू होतो. लॅमिंग्टन रोडवरून सेलचं होल्डर आणून बसवून घेतलं, त्यामुळे पुढच्या वेळी सेल बदलायला सोल्डरिंगची गरज नाही. आवाज संगणकात आहेत, त्यांची प्रत मुलाकडे आहे आणि आकडे वहीत आहेत. ती वही त्याच मुलीच्या हातात देऊन मी तिला ऑपरेटर शिकवतो. बीन मी पुन्हा बनवायला घेतली आहे. जवळ आली आहे, पण ती जुनी नव्हे. ते नुकसान भरून येणारं नाही.

तुम्ही वाजवायचे असाल आणि तुमचं वाद्य केसमध्ये असेल, तर या पावसाळ्याच्या आधी ते काढा. चालू करा, प्रत्येक पट्टी हलकी आणि जोरात दाबून बघा, आतला सेल कधी बदलला होता ते आठवा. आठवत नसेल तर आजच बदलायची सोय करा, पण आधी आतले आवाज उतरवून घ्या, कारण सेल काढला की तेही जातात. उचलायला मात्र घरातल्या तरुणाला हाक मारा.